गाडी वळली म्हणा

ड्रायव्हर लोकांना एक खोड असते. ते गाडीला गाडी म्हणत नाहीत, 'मी' म्हणतात. ताईचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्याच महिन्यात भावजी ड्यूटीवरून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "आज मला मागून ट्रकनं ठोकलं." ताईच्या हातातला कप खाली पडला. ती धावत जाऊन त्यांची पाठ चाचपायला लागली. "अगं, मला काही झालं नाही," ते म्हणाले, "माझा फक्त मागचा दिवा फुटला." त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही त्यांना यावरून छळलं. ते जेवून उठले की मी विचारायची, "भावजी, टाकी भरली का?" ते कधी रागावले नाहीत. मेहुणीचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, असं म्हणायचे.

आम्ही हसण्यावारी नेलेली ही खोड पुढे त्यांच्या चांगलीच अंगाशी आली, म्हणून ती आधी सांगितली.

भावजींनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली. त्यांच्या चुकीनं झालेला अपघात एकही नाही. डेपोत त्यांना 'सावकाश' म्हणत, कारण पुढच्या दारानं उतरणाऱ्या प्रत्येकाला ते "सावकाश" म्हणायचे, मग तो काठी टेकणारा म्हातारा असो की उड्या मारणारी शाळेतली पोर. घरातही तेच. टेबलाच्या कडेला भरलेला कप दिसला की बोलता बोलता आत सरकवणार. गप्पांत रंगलेले असले तरी डोळा कडेवरच. मोटारीत दुसऱ्याच्या शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. खाली ब्रेक नसायचा, नुसती मॅट असायची. घरच्या गाडीतली त्या जागची मॅट ताईनं दोनदा बदलली.

निवृत्त झाल्यावर चार महिने घरी बसले आणि ताईचा जीव नकोसा करून सोडला. कपाटं लावली, मग ताईनं जिथलं तिथे परत लावली. तेवढ्यात जाहिरात आली. विनाचालक गाड्या बनवणाऱ्या कंपनीला अनुभवी चालक पाहिजे होते. विनाचालक गाडीला चालक कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पोहायला शिकवताना काठावर कुणीतरी उभं राहतंच की."

मी कोर्टाच्या आवारात टंकलेखनाचं टेबल लावते, सत्तावीस वर्षं झाली. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा. त्यामुळे नेमणुकीचं पत्र ते मला दाखवायला घेऊन आले. पत्रात पदाचं नाव 'निरीक्षक' होतं. मी म्हटलं, "जाहिरातीत चालक आणि पत्रात निरीक्षक. भावजी, यात काहीतरी पाणी मुरतंय."

"तुला प्रत्येक कागदाखाली विंचू दिसतो," ते म्हणाले, आणि माझ्याच पेनानं सही करून गेले. मी आणखी जोर लावायला हवा होता. आजही ते मला खुपतं.

काम असं होतं. सहा माणसांची पांढरी गाडी स्टेशनपासून हॉस्पिटलपर्यंत आणि परत, दिवसाला चौदा फेऱ्या. भावजींनी स्टिअरिंगसमोर बसायचं, हात मांडीवर, पाय ब्रेकपाशी पण ब्रेकवर नाही. गाडी स्वतः चालणार, स्वतः थांबणार. धोका वाटला तर ब्रेक मारायची मुभा होती. पण ब्रेक मारला की गाडीच्या आत नोंद व्हायची आणि संध्याकाळी एक फॉर्म भरावा लागायचा: हस्तक्षेप का केला, गाडीनं स्वतः काय केलं असतं असं वाटलं, हस्तक्षेप टाळता आला असता का. पहिल्या महिन्यात भावजींनी एक्केचाळीस फॉर्म भरले. मग त्यांना बोलावणं आलं. मोठ्या काचेच्या खोलीत एक हुशार मुलगी बसली होती. तिनं समजावलं, "काका, तुम्ही दर वेळी मध्ये पडलात तर गाडी शिकणार कशी? तिच्यावर विश्वास टाका." तिच्या मागच्या पडद्यावर सगळ्या निरीक्षकांची नावं उतरत्या क्रमानं लावलेली होती. भावजी सर्वांत वर होते, आणि ती यादी वर असण्याची नव्हती.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांबद्दल मला फार प्रेम नाही. पण त्या मुलीचं बोलणं गोड होतं आणि भावजींचा स्वभाव आज्ञाधारक. एकतीस वर्षं त्यांनी वेळापत्रक पाळलेलं. त्यांनी हेही पाळायचं ठरवलं. ताई सांगायची की ते रात्री जेवताना हात मांडीवर ठेवून बसून राहतात आणि वाढलेलं थंड होतं. सहाव्या महिन्यात त्यांचे फॉर्म दोनवर आले. बैठकीत त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या. घरी येऊन त्यांनी ते सांगितलं, आणि मग म्हणाले, "पाय आता मुका झालाय माझा." मी त्यावरही काहीतरी विनोद केला.

आठव्या महिन्यात, सकाळी सव्वादहाला, गोदामांच्या रस्त्यावर ते घडलं. तिथे सायकलींसाठी वेगळी जागा काढायची म्हणून रस्त्यावरचे पट्टे सरकवायचं काम चालू होतं. जुने पट्टे काळ्या रंगानं झाकले होते, पण तिरपं ऊन पडलं की ते खालून चमकायचे. नव्या पट्ट्याची कड खरवडायला एक कामगार गुडघे टेकून बसला होता. आजूबाजूला दोन नारंगी शंकू. आदल्या तीन दिवसांत गाडी त्याच रस्त्यानं नीट गेली होती. त्या दिवशी तिनं चमकणारा जुना पट्टा खरा धरला आणि शंकूंच्या आतून गेली. भावजींनी ब्रेक मारला, पण उशीर झाला होता. गाडी मोठ्या वेगात नव्हती. धक्क्यानं तो माणूस आडवा पडला आणि डोकं कडेच्या दगडावर आपटलं. नवव्या दिवशी तो गेला.

पोलिसांनी त्याच दुपारी भावजींचा जबाब घेतला. त्यांच्या बाहीवर नव्या पट्ट्याचा पांढरा रंग लागलेला होता. त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन ते रुग्णवाहिका येईपर्यंत बसले होते. समोरच्या हवालदारानं विचारलं, काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. आणि त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं.

"मी गोदामांच्या रस्त्याला वळलो. मी वेग कमी केला. मी डाव्या अंगाला सरकलो. मी जुन्या पट्ट्यावरून गेलो. मी त्याला धडकलो."

तिसऱ्या दिवशी ती प्रत माझ्या हातात आली, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. कागदावर माणसाचा आवाज उतरत नाही, नुसतं व्याकरण उतरतं. ड्रायव्हरनं 'मी वळलो' म्हणणं आणि आरोपीनं 'मी वळलो' म्हणणं यात फरक करायला कागदाला कान नसतात. मी ताईला काही बोलले नाही. त्या दिवशी आलेले तीन अर्ज चुकीचे टाइप केले आणि पुन्हा केले.

कंपनीनं तो जबाब अलगद झेलला. कालपर्यंत त्यांच्या जाहिरातीत गाडी आपोआप चालत होती, कोर्टात पाऊल ठेवल्याबरोबर तिला एकदम ड्रायव्हर सापडला. त्यांचा वकील म्हणाला, कायद्यात चालक म्हणजे ज्याचा वाहनावर ताबा तो, आणि सीटवर बसलेला माणूस स्वतःच सांगतोय की मी वळलो, मी वेग कमी केला. गाडीच्या आतली नोंद मागितली तर ती धंद्यातलं गुपित निघाली. रस्त्याचं काम देणारी नगरपालिका म्हणाली, पट्टे झाकायचं काम ठेकेदाराचं. ठेकेदार म्हणाला, शंकू कामगारानंच कमी लावले. जो तो काखा वर करून मोकळा. राहिला कोण, तर ज्यानं 'मी' म्हटलं तो.

खटला तीन वर्षं चालला. भावजींचा परवाना पोलिसांकडे जमा होता. ते सगळीकडे पायी जायचे. तुरुंगवास होऊ शकतो हे आमच्या वकीलबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि ताईनं तेव्हापासून घरात नवी वस्तू आणणं बंद केलं. गेलेल्या कामगाराची बायको प्रत्येक तारखेला येऊन तिसऱ्या बाकावर बसायची. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती. हात कोपरापर्यंत भुरकट झालेले, अंगावर कामाचाच गणवेश. बहुधा कामाची पाळी संपवून तशीच यायची. भावजी तिच्याकडे बघत नसत. एकदा त्यांनी मला विचारलं, "मी जाऊन बोलू का तिच्याशी?" मी म्हटलं, खबरदार, वकीलबाई रागावतील. खरं तर मलाच भीती वाटली.

गाडीची नोंद शेवटी न्यायाधीशांच्या हुकमानं बाहेर आली. त्यात स्वच्छ दिसलं की वळण गाडीनं घेतलं, वेग गाडीनं कमी केला, आणि ब्रेक तेवढा माणसाचा. आता अडसर उरला तो जबाबातल्या 'मी'चा. हा बोलण्याचा ढंग आहे हे कोर्टाला पटवायचं कसं? मी वकीलबाईंना म्हटलं, डेपोतला कुणीही उभा करा, दोन मिनिटांत पटेल.

भावजींचा जुना जोडीदार साक्षीला आला, अजून नोकरीत असलेला. वकीलबाईंनी नाव-गाव विचारल्यावर सहज विचारलं, "आज यायला उशीर का झाला?"

"काय करणार बाई, खालच्या चौकात मला टॅक्सीनं घासलं. माझा पत्रा दाबला गेला, आरसा लोंबकळायला लागला."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला लागलं का?"

"मला? नाही साहेब. बसला."

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले आणि मग काहीतरी लिहून घेतलं. त्या दिवशी तीन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, सुटले भावजी.

आता त्यांची स्वतःची साक्ष राहिली होती. आठवडाभर आधीपासून मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांची तालीम घ्यायची. ताई समोर भाजी चिरत बसलेली.

"कोण वळलं?"

"मी व..."

"भावजी."

"गाडी वळली."

"वेग कुणी कमी केला?"

"गाडीनं."

"जुन्या पट्ट्यावर कोण गेलं?"

ते थांबायचे. म्हणायचे, "बस चालवताना नव्हतं असं. काही चांगलं झालं तरी मी, वाईट झालं तरी मी. आता वाईट झाल्यावर एकदम गाडी म्हणायचं?"

"ही बस नव्हती. तुमच्या हातात काय होतं? तुमच्या स्वतःच्या मांड्या. चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ द्यायची का? गाडी म्हणा."

"गाडी," ते म्हणायचे, मास्तरणीपुढे पोरानं म्हणावं तसं. चौथ्या दिवशी चुकणं थांबलं. पाचव्या दिवशी ताईनं चिरता चिरता सुरी खाली ठेवली आणि मला म्हणाली, "आता पुरे कर. ते माझ्याशीसुद्धा असं बोलायला लागलेत. काल म्हणाले, पाय जिना चढला."

साक्षीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. वकीलबाईंच्या प्रश्नांना अगदी शिकवल्याप्रमाणे उत्तरं दिली. गाडी वळली. गाडीनं वेग कमी केला. गाडी जुन्या पट्ट्यावर गेली. एकदाही जीभ घसरली नाही. फॉर्मची गोष्ट सांगितली, एक्केचाळीसवरून दोन कसे झाले तेही. मी बाकाखाली बोटं मोजत बसले होते.

मग कंपनीचा वकील उठला. नम्र माणूस. धडक हा शब्द त्यानं तीन वर्षांत उच्चारला नाही, 'संपर्क झाला' म्हणायचा.

"संपर्क होण्यापूर्वी कामगार तुम्हाला दिसला होता?"

"दिसला होता."

"किती अंतरावरून?"

"बऱ्याच. वळल्या वळल्या."

"ब्रेकला दीड सेकंद उशीर झाला, असं नोंद सांगते. त्या दीड सेकंदात काय झालं?"

याचं उत्तर तयार होतं. गाडी थांबेल असं मला प्रशिक्षणात शिकवलं होतं, म्हणून मी विसंबून राहिलो. खोटं नव्हतं ते. वकीलबाईंनी दोनदा घोटून घेतलं होतं. भावजींनी ते दिलं नाही.

"गाडी वळली," ते म्हणाले. "पट्टा चुकली ती गाडी. शंकूंच्या आत शिरली ती गाडी. तेवढं सगळं तिचं, आणि तिला ज्यांनी शिकवलं त्यांचं. त्यातलं मी काही घेत नाही."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"पण माझा पाय उचलला गेला होता, साहेब. ब्रेकवर जात होता. आणि मला फॉर्म आठवला. या महिन्यातला तिसरा होईल, असं मनात आलं. म्हणून मी पाय परत खाली ठेवला. मग गाडी थांबत नाही असं दिसल्यावर पुन्हा उचलला. ते दीड सेकंद गाडीचे नाहीत. ते माझे आहेत."

हे कुठल्याही नोंदीत नव्हतं. गाडीच्या सगळ्या कॅमेऱ्यांचं तोंड बाहेर होतं, पाय कुणालाच दिसला नव्हता. आम्हाला कुणाला ते माहीत नव्हतं, ताईलासुद्धा नाही. त्यांनी सांगितलं नसतं तर जन्मात कळलं नसतं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. इतका गाढवपणा करायला तीन वर्षं कशाला थांबला, पहिल्याच दिवशी करायचा, असं मी त्यांना बाहेर आल्यावर तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "पहिल्या दिवशी सगळंच माझं वाटत होतं. तू शिकवलंस म्हणून वेगळं करता आलं." ताई त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी करत होती.

दोन महिन्यांनी निकाल लागला. न्यायाधीशांनी लिहिलं की जी गाडी स्वतः वळते, वेग ठरवते आणि वाट निवडते, तिचा कायद्यापुढचा चालक म्हणजे ती चालवणारी कंपनी. समोर पगारी माणूस बसवून आणि त्याला निरीक्षक म्हणून ती जबाबदारी त्याच्या गळ्यात घालता येणार नाही. ज्या फॉर्मच्या धाकानं माणसाचा पाय मागे घेतला जातो, तो फॉर्म अपघाताच्या कारणांतलं एक कारण आहे, असंही लिहिलं, आणि त्याला आधार भावजींच्याच साक्षीचा दिला. जुने पट्टे नीट न झाकल्याबद्दल नगरपालिकेवर ठपका ठेवला. आणि सर्वांत शेवटी भावजी. दीड सेकंदाच्या हयगयीबद्दल दोषी. एक वर्षाची शिक्षा, वर्तन चांगलं राहिलं तर भोगावी लागणार नाही अशी. वाहन चालवण्याचा परवाना कायमचा रद्द.

कंपनीनं त्याच आठवड्यात अपील केलं. वकीलबाई म्हणाल्या, तुम्हीही करा, तुम्ही नक्की सुटाल. भावजी नको म्हणाले. कारकुनानं परवाना रद्द झाल्याच्या कागदावर सही मागितली, ती त्यांनी केली. तुरुंग टळल्यावर माणूस हसतो, हे रडले. एकतीस वर्षांचं पुण्य त्या एका शिक्क्याखाली गेलं आणि आम्हाला त्यांची समजूत घालता येईना.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात आम्ही तिघं उभे होतो. ताई त्यांना पाणी देत होती. तेव्हा ती बाई आली, तिसऱ्या बाकावरची. मी पुढे झाले, आडवी यायला. भावजींनी मला हातानं बाजूला केलं.

ती त्यांच्यासमोर उभी राहिली. जवळून तिचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. वयानं माझ्याएवढीच असेल.

"तीन वर्षं येतेय मी," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "कंपनीची माणसं भेटून गेली, फुलं देऊन गेली. म्हणाली, फार दुर्दैवी घटना घडली. नगरपालिकेची आली, तीही म्हणाली, घडली. जो येतो तो म्हणतो, झालं. मला राग कुणावर धरायचा तेच समजेना. गाडीवर धरून पाहिला. तिच्यासारखी दुसरी रस्त्यात दिसली की थांबून बघायची मी. पण गाडीवर राग धरता येत नाही. तिला काय कळतं?"

भावजींनी हातातला पेला ताईकडे परत दिला.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, ते दीड सेकंद माझे. सगळे मिळून एवढी माणसं, त्यात माझं म्हणणारे तुम्ही एकटे. मी तुम्हाला माफ करायला नाही आले. तुम्ही पाय खाली ठेवलात. मी आता तुमच्यावर राग धरणार आहे."

ताईनं माझा दंड घट्ट पकडला होता. भावजींनी मान वर केली आणि त्या बाईकडे पहिल्यांदा सरळ बघितलं.

"धरा," ते म्हणाले. "माझाच आहे तो."